सागवानी डब्यातला आवाज

बायनाबाई मेश्राम यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून लोकांची बोलणी जोडून देण्यात उमेदीची वर्षं घालवली, आणि नोकरीच्या नियमाप्रमाणे त्यातलं एकही बोलणं ऐकलं नाही. निवृत्तीनंतर त्यांनी ब्रह्मपुरीच्या बसस्टँडसमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत, खाजगी तपासाचं कार्यालय उघडलं. त्या दिवसापासून गावातली काही प्रतिष्ठित माणसं रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने चालू लागली.

बाईंचे सहकारी धनराज नाकाडे हे गणिताचे निवृत्त मास्तर. बाई विचार करत, मास्तर मोजत. दोघांचं छान जमत असे, कारण मास्तरांनी मोजलेल्याचं काय करायचं हे मास्तरांना कधीच कळत नसे.

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी जिना चढून एक पंचविशीची मुलगी आत आली. पाठीवर बॅग, केसांवर आलापल्लीपासूनच्या रस्त्याची धूळ. तिने रुमालाची गाठ सोडली आणि आतला पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला.

"जय भीम, बाई. मी संघप्रिया दुर्गे. मले एक आवाज पकडाचा आहे."

"कोनाचा?"

"तेच तं समजून नाई राह्यलं."

मास्तरांनी खुर्ची पुढे सरकवली. बाईंनी चष्मा पुसला. त्या चष्मा पुसत तेव्हा ऐकत असत.

संघप्रियाचं बालपण भामरागडकडे गेलं होतं. वडील खुशाल दुर्गे वनरक्षक. त्यांची ड्युटी जंगलात आणि हिचं खेळणं माडिया पोरांसंगे. भाषा तिने शिकली नाही, ती तिला लागली, जसा जांभळाचा रंग जिभेला लागतो. आता पुण्याच्या एका संस्थेने पहिलीच्या माडिया मुलांसाठी ऐकायचे धडे करायला घेतले होते. आवाज संघप्रियाचा, रेकॉर्डिंगही तिनेच घरी करायचं. पण तिचे दोन नमुने परत आले होते. शेरा एकच: 'पाठीमागे कोणीतरी काहीतरी खात आहे.'

"सोमवारी सकाळी दहा वाजेपर्यंत तिसरा पाठवाचा आहे. तोही परत आला तं काम नागपूरच्या स्टुडिओले जाते. तिथी एक दादा माडिया वाचून दाखवते. मी ऐकला त्याचा आवाज. गोड आहे. पन तो 'ये' ले 'जा' म्हणते."

"मंग पोरं निघून जातीन," बाई म्हणाल्या.

"हसतीन आधी. मंग निघून जातीन."

ती हसली नाही. बाईही हसल्या नाहीत.

मग तिने त्या कॉम्प्युटरची हकिगत सांगितली. तयार मशीन घेतली तर ती विमानासारखी घरघरते, म्हणून एकेक भाग स्वतः निवडून तिने घरीच मशीन बांधली होती. निवडीला एक वर्ष लागलं. वहीची चाळीस पानं भरली. फिरणारी डिस्क नको, चिप असलेली घेतली, तिच्यात हलणारं काही नसतं. वीज पुरवणाऱ्या पेटीचा पंखा असा, की जोर पडल्याशिवाय फिरायचाच नाही. वेगळं ग्राफिक्स कार्ड घेतलंच नाही. मोठा, संथ फिरणारा एकच पंखा.

"तो पंखा निवडाले मले दोन महिने लागले."

"माझं लग्न चार दिवसांत ठरलं होतं," मास्तर म्हणाले.

"आन बाहेरचा डब्बा?" बाईंनी विचारलं.

"सागवानी. लोखंडी डब्बा थरथरते, लाकूड आवाज गिळते. आमच्या इथचे सुकलूभाऊ सुतार, त्याईनं केला."

पहिला महिना मशीन मुक्यासारखी चालली. बारा दिवसांपूर्वी आवाज सुरू झाला. मशीन चालू केल्याबरोबर येत नसे. वीसेक मिनिटांनी, आतलं गरम झालं की यायचा. सकाळी गार असताना नाही. काम जड असलं की जास्त.

"बंद केल्यावर?"

"बंद केल्यावरही थोडा वेळ आल्यासारखा वाटते. पन तो माझ्या कानातच रायत असंन."

अहेरीचा राजदीप, ज्याच्या दुकानातून बहुतेक सामान आलं होतं, त्याने आधी पंखा बदलला. फरक नाही. मग त्याने आतलं सगळं सामान काढून अहेरीला नेलं, दुकानातल्या टेबलावर मांडून दोन दिवस अखंड चालवलं. चूं नाही की चां नाही. परत आणून डब्यात बसवलं, त्याच संध्याकाळी आवाज हजर.

"घरी कोनाले काई समजते का यातलं?"

"बाबाईले नाई समजत. पन त्याईचा हात चांगला आहे. आवाज आला का बाबा येते, डब्यावर थाप मारते, 'चांगली मशीन हाय' म्हणते, अना आवाज थांबते. पाच मिनटं." तिने पाठीवरची बॅग खाली ठेवली. "शेजारची पोचक्का आली होती एकदा. कान लावला डब्याले, 'पुरे गं' म्हणाली अना निघून गेली. तिले वाटते मी लय वेळ बसतो मशीनपाशी."

"कुठची आहे अक्का?"

"सिरोंच्याची. लग्न होऊन इथी आली, त्याले चाळीस वर्षं झाले. पन अजून अर्धं तेलुगूच बोलते."

"आन 'गं' म्हणाली?"

"हो."

"पुण्याले गेली होती का मधात?"

संघप्रिया आत्ता पहिल्यांदा हसली. मास्तरही हसले. बाईंनी पेनड्राइव्ह झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला लावायला सांगितला, आपला जुना हेडफोन कानाला चढवला आणि डोळे मिटले. तीनदा ऐकून झाल्यावर त्यांनी हेडफोन मास्तरांच्या डोक्यावर बसवला.

"मोजा."

मास्तरांनी मोजलं. कुर्र, कुर्र, कुर्र, सात वेळा. मग थांबा. मग चार. थांबा. मग अकरा.

"पाढ्यात बसते का?"

"कोणत्याच नाही," मास्तर म्हणाले. त्यांना त्या आवाजाचा थोडा रागच आला.

"उद्या येतो आम्ही," बाई म्हणाल्या. "सुतार अना दुकानदार दोघाईले बलाऊन ठेव. अक्काले सांगू नको. ती अशीही येईन."

*

रविवारी पहाटेच मास्तरांच्या जुन्या कारने दोघं निघाली. त्या कारला स्वतःचे नऊ आवाज होते. मास्तरांनी ते मोजून ठेवले होते आणि मग ऐकणं सोडून दिलं होतं. आष्टीच्या पुढे सूरजागडकडचे खनिजाचे ट्रक समोरून येऊ लागले. एकेक ट्रक गेला की कारची दारं दाताखाली खडा आल्यासारखी वाजत.

"सापडलं," मास्तर म्हणाले. "ट्रक जातात, जमीन हादरते, टेबल हादरतं, डबा कुरकुरतो."

"आन ट्रक मशीन गरम होईपर्यंत वीस मिनटं थांबून रायते?"

मास्तर आलापल्लीपर्यंत नुसते ट्रक मोजत राहिले.

दुर्ग्यांच्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. तो गोड, जड वास ओलांडून आत जावं लागत होतं. खुशालभाऊ दारातच उभे होते, वनखात्याच्या खाकीची सवय न सुटलेले, पाठीने ताठ आणि नजरेने खाली. बाईंनी नमस्कार केला तेव्हा त्यांनी झाडू मागे लपवला.

"रिटायर झाल्यावर बाबाईनं एकच नवीन काम धरलं," संघप्रिया म्हणाली. "माझी खोली झाडाचं. पंधरा दिवस झाले. पहाटे, मी उठाच्या आधी."

"वेळ जाते," खुशालभाऊ म्हणाले.

कोपऱ्यातल्या सुपलीत चिमूटभर पिवळसर भुकटी होती, बेसनासारखी. मोहफुलांचीच असणार, असं मास्तरांच्या मनात आलं आणि भूक लागल्याची जाणीव झाली.

खोलीत टेबलावर तो डबा होता.

मास्तरांनी आजवर सागवान दाराला पाहिलं होतं, पलंगाला पाहिलं होतं. यंत्राला पाहिलं नव्हतं. हातभर उंचीची ती पेटी मधाच्या रंगाची होती. लाकडाच्या रेषा तिच्यावरून अशा वाहत होत्या, की कोणी वैनगंगा उभी करून सुकवली असावी. मागच्या फळीला हवा जाण्यासाठी भोकं पाडली होती, तीही ओळीत, एकसारखी. पेटी चार लहान पायांवर उभी होती. बाकी टेबलावर बोट फिरवलं तर धुळीत रेघ उठत होती; पेटीखाली मात्र लख्ख होतं.

मास्तर बराच वेळ वाट पाहत राहिले. शेवटी त्यांनी विचारलं, "चालू कधी करणार?"

"चालूच आहे जी," संघप्रिया म्हणाली.

मास्तरांनी कान लावला. काहीच नाही. आत कुठेतरी सेकंदाला कोट्यवधी बेरजा होत होत्या, आणि बाहेर मुंगी चालल्याचाही आवाज नव्हता. पस्तीस वर्षं त्यांच्या वर्गात एका बेरजेला पंचेचाळीस मुलं जो गोंधळ करत, तो त्यांना आठवला. त्यांनी नकळत टोपी काढली.

विसाव्या मिनिटाला तो आला. कुर्र. कुर्र, कुर्र.

बारीक, कोरडा, आणि घाई नसलेला. जणू आतमध्ये कोणीतरी बसून अगदी मन लावून पापड खात होतं.

बाईंनी राजदीपकडे पाहिलं. तिशीचा, देखणा, घामाघूम. "तुमचा पंखा?"

"बाई, माया पंखा बस म्हनता तिथी बसते, ऊठ म्हनता तवा उठते." त्याने बाजूची फळी काढून पंख्याच्या मधोमध बोट टेकवलं. पंखा थांबला. कुर्र, कुर्र. "पाहा. तो तं हातात आहे माया."

"वीजपेटी?"

"तिचा पंखा अजून जागाच नाई झाला. आन कॉइल वाजली असती तं बारीक शिट्टीवानी वाजते, एकसुरी. हे तं…" राजदीप शब्द शोधू लागला. "हे तं मनमानी आहे."

"कंपनीनं जुना माल पॅक करून देल्ला असंन तुमाले."

"दुकानात दोन दिवस चालवला बाई. गावातले लोक पाहाले येत होते, का हे बंद मशीन राजदीप काऊन पाहून राह्यला. इथी आणला का बोंबलते. दोष माया सामानात नाई. मी भगवान बुद्धाच्या फोटोसमोर सांगतो, वॉरंटी कार्डही दाखवतो."

खुशालभाऊ पुढे झाले. डब्यावर हलकी थाप मारली. "चांगली मशीन हाय," ते म्हणाले.

आवाज थांबला.

बाईंनी त्यांच्या हाताकडे पाहिलं. मग पुढे होऊन वायर उपटली. पडदा काळा झाला. "चला, च्या घेऊ बाहेर. मास्तर, तुम्ही इथीच बसा."

मास्तर एकटे बसून राहिले. बाहेरून कपबशांचा आणि पलीकडच्या कुंपणाशी कोण्या म्हातारीचा आवाज येत होता. बाई तिच्याशी बोलत होत्या आणि दोघी हसत होत्या. खोलीत शांतता होती. मग मास्तरांना वाटलं, येतोय. कुर्र. कुर्र. त्यांनी कानात करंगळी घालून हलवली. पोरगी म्हणाली ते खरं होतं, हा आवाज कानात राहतो.

"काई ऐकलं?" बाईंनी परत येऊन विचारलं.

"नाही. म्हणजे, माझ्याच कानात राहिला होता तेवढा."

बाईंनी अशी मान हलवली, की जणू मास्तरांनी कागदावर सही करून दिली.

सुकलू सुतार उंबऱ्यावर उकिडवा बसला होता. त्याला आत बोलवावं लागलं. आपल्या कामासमोर तो पाहुण्यासारखा उभा राहिला.

"जोड लय सुंदर हाय, सुकलूभाऊ. खिळा कुठी दिसत नाई."

"खिळा मारलाच नाई बाई. सगळे स्क्रू. पोरीले खोलाचं काम पडते." तो डब्यावरून बोट फिरवत म्हणाला, "डेपोच्या लिलावातलं लाकूड. पाच फळ्या, पाचही एका झाडाच्या, गाभ्याच्या. पांढरी कड सगळी काढून टाकली मी. सागवानाच्या गाभ्यात शंभर वर्षं काई होत नाई."

"पाच?"

"पाच." सुकलूने खुशालभाऊंकडे पाहिलं आणि पटकन जमिनीकडे.

मास्तरांनी सवयीने मोजलं. वर, खाली, डावी, उजवी, पुढे, मागे. सुकलूचं गणित कच्चं आहे, एवढीच नोंद त्यांनी मनात केली. कारागीर माणसांचं असतंच.

*

तीन वाजता बाईंनी सगळ्यांना खोलीत बसवलं. बोलवायच्या आधीच एक काळीसावळी, ठेंगणी म्हातारी दारात येऊन उभी होती. ही पोचक्का. तिला खुर्ची दिली गेली.

"मी कॉम्प्युटरची जानकार नाई," बाई म्हणाल्या. "मले फक्त ऐकता येते. तं ऐका. काल मास्तरानं आवाज मोजला. सात, चार, अकरा. पंखा असा वाजत नाई. पंख्याले पाढा असते. राजदीपभाऊ म्हनाले, मनमानी आहे. शब्द बराबर सापडला त्याईले. मन कोनाले असते?"

राजदीपने आपल्या पंख्याकडे पाहिलं.

"राजदीपभाऊनं सगळं सामान अहेरीले नेलं. दोन दिवस चूप. म्हंजे सामान निर्दोष. पन एक वस्तू अहेरीले गेलीच नाई. तिच्याकडे कोनी संशयानं पाह्यलंच नाई, काऊन का ती तं आवाज गिळाले ठेवली होती."

"डब्बा," संघप्रिया हळूच म्हणाली.

"मी वायर काढली. पंखा मेला, वीज गेली, सगळं मेलं. तरी मास्तरानं आवाज ऐकला."

"पण ते माझ्या कानात…" मास्तर म्हणाले.

"मास्तर, दोन माणसाच्या कानात एकच आवाज रायला, तं तो कानात नसते."

मास्तरांनी हे वाक्य मनात फळ्यावर लिहून पाहिलं. बरोबर होतं.

"सुकलूभाऊनं सागवानाच्या फळ्या लावल्या पाच. डब्याले बाजू किती?"

"सहा," मास्तर म्हणाले, आणि त्यांचे कान गरम झाले.

"सहावी सागवानाची नाई. कोनती, ते टेबलानं सांगतलं. सगळ्या टेबलावर धूळ अना डब्याच्या खाली लख्ख. तळाखाली रोज काईतरी सांडते, अना कोनीतरी रोज ते पुसून घेते. पहाटे. पंधरा दिवसापासून. बारा दिवसापासून पोरगी ऐकून राह्यली. तिच्या आधी तीन दिवस कोनाले तरी समजलं होतं."

खुशालभाऊ उभेच होते. आता ते खाली बसले, जमिनीवर.

"वनरक्षकाले लाकडातला भुसा समजत नाई, असं होत नाई, भाऊ. थाप मारली का तो चूप रायते, हेही तुमाले ठाऊक होतं."

"येनाची फळी हाय," खुशालभाऊ म्हणाले. ऐनाच्या झाडाचं नाव त्यांच्या तोंडी असंच येई. त्यांनी मुलीकडे पाहिलं नाही. "माई पयली ड्युटी ज्या चौकीत होती, तिथचा बाक. चौकी पाडली चौऱ्याण्णवमधी, तवा मी रीतसर पावती फाडून घेतला. बाक मोडला, फळी ठेवली. त्या बाकावर बसून मी पयल्यांदा रातभर जंगल ऐकलं होतं." त्यांनी तळहात जमिनीवर टेकवला. "तू चाळीस पानं लिवली पोरी. कोनता पंखा, कोनती चिप. मले त्यातलं एकही अक्षर समजे ना. त्या मशीनीत माया काईच नव्हतं. म्हनून सुकलूले म्हनलं, तळाले ही लाव, पोरीले सांगू नको. मंग भुसा पाह्यला. सांगाची हिंमत नाई झाली. वाटलं, थांबंन आपोआप."

संघप्रिया वडिलांकडे पाहत राहिली. "तुमी रोज पहाटे उठून झाडत होते."

"हो."

"मले वाटलं, म्हातारपन आलं."

"तेही आलं," खुशालभाऊ म्हणाले.

राजदीपने गळा साफ केला. "म्हंजे आत किडा आहे? खरा?"

"बारा दिवसाआधी एका बाईनं हे सांगतलं होतं," बायनाबाई म्हणाल्या. "डब्याले कान लावला अना पयल्याच फटक्यात सांगतलं. या घरानं ऐकलं 'पुरे गं'. आता मले सांगा, आलापल्लीत कोन्या बाईनं कोन्या पोरीले 'गं' म्हनलं आजवर? इथी 'वं' म्हनतात. सिरोंच्याची बाई तं तेही नाई म्हनत. अक्का, सांगा वं आता, काय म्हनाल्या होत्या तुमी?"

पोचक्काने सगळ्यांकडे पाहिलं, जसं शाळेतल्या ढ पोरांकडे पाहावं.

"पुरुगु," ती म्हणाली. "पुरुगु अंटे, किडा. मी बोल्ली. तुमी हसले. मी गेली."

*

सुकलूने डबा आडवा केला आणि स्क्रू काढले. फळी हातात घेऊन त्याने उजेडाकडे धरली. कापताना करवत एका जुन्या बोगद्याच्या तोंडावरून गेली होती. तिथून भुसा झरत होता. आणि फळीच्या खालच्या अंगाला, नखाएवढ्या जागी, लाकूड कागदासारखं पातळ झालं होतं. तो कागद आतून हलत होता.

"बाहेर येऊन राह्यला," सुकलू म्हणाला. त्याचा आवाज आपोआप उतरला.

"चौकीच्या बाकापासून हा आत आहे?" मास्तरांनी विचारलं. "तीस वर्षं?"

"मी किड्याची डॉक्टर नाई," बाई म्हणाल्या. "पन सुक्या लाकडात खायले कमी, वाढ हळू. अशे किडे वर्षानुवर्षं दबून रायते, हे लाकडावाले सांगतात. मंग वरून कोनीतरी ऊब देते."

सगळ्यांनी एकदम त्या मशीनकडे पाहिलं. वर्षभर चाळीस पानं लिहून निवडलेलं ते सगळं, आणि त्याने केलं काय, तर एका अंधाऱ्या जिवाला सकाळ झाल्याचं कळवलं. संघप्रियाच्या जन्माच्या आधी आत गेलेला तो, तिच्या कामाच्या उबेने उठला होता. मास्तरांना टोपी काढावीशी वाटली. ती आधीच हातात होती.

"फवारा आहे मायाकडे गाडीत," राजदीप म्हणाला.

सुकलूने फळी छातीशी धरली. राजदीपने तो विषय स्वतःहून मागे घेतला.

"चार वाजले," संघप्रिया म्हणाली. "मी आत्ता रेकॉर्ड करतो. डब्बा दोन विटांवर ठेवा. फळी उन्हात ठेवा, त्याले ऊब पाहिजे. अना एक विनंती आहे. मी दार लावल्यावर कोनी बोलाचं नाई. कोनीच नाई. वीस मिनटं."

फळी अंगणात, मोहफुलांच्या शेजारी एका पाटावर ठेवली गेली. भोवती पाचजण बसले: बाई, मास्तर, राजदीप, सुकलू, खुशालभाऊ. पोचक्काची खुर्ची खिडकीजवळच्या सावलीत ठेवली. आतून संघप्रियाचा आवाज ऐकू येऊ लागला, बंद दारामुळे विहिरीतून आल्यासारखा. पावसाला हाका मारणाऱ्या बेडकाची गोष्ट होती, एवढं खुशालभाऊंनी ओठ हलवून सांगितलं.

मास्तर मिनिटं मोजत होते. नवव्या मिनिटाला कागद फाटला.

आधी दोन बारीक मिशा आल्या. मग काही नाही. बराच वेळ. मग लाकडातून एक डोकं बाहेर आलं, आणि त्याच्यावर ऊन पडलं.

तो सोनकिडा होता. हिरवा म्हणावा तर सोन्याचा, सोन्याचा म्हणावा तर कडेला तांब्याचा. एक पाऊल टाकलं की रंग बदलत होता. लहानपणी मास्तरांनी असे किडे काडेपेटीत ठेवले होते. पण ते बाभळीवरून पकडलेले. हा तीस वर्षं अंधारात बसून इतका चमकदार झाला होता, कोणीही पाहणार नसताना. मास्तरांच्या घशाशी 'अरे' आला. त्यांनी तो गिळला. शेजारी राजदीपने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. सुकलूने हात जोडले होते, कोणाला ते त्यालाही ठाऊक नसावं. खुशालभाऊंच्या गालावरून पाणी ओघळत होतं, आणि ते नाकही ओढत नव्हते, कारण आत मुलगी बोलत होती.

किडा फळीच्या कडेला आला. पाठीवरची सोन्याची कवाडं उघडली. पोचक्का खुर्चीतून पुढे वाकली.

"पुरुगु," ती कुजबुजली.

पोचक्काची कुजबुज गोदावरीच्या पल्याड ऐकू जाते, हे आलापल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पाच माणसांनी पाच बोटं ओठांवर ठेवली. तोवर तो उडाला होता. घराच्या छपरावरून एकदा चमकला आणि सागाच्या बनाकडे गेला. दार अजून बंद होतं. बेडूक अजून पावसाला हाका मारत होता.

*

सोमवारी सकाळी साडेअकराला ब्रह्मपुरीच्या कार्यालयात फोन वाजला. बाईंनी तो मास्तरांनाही ऐकू यावा असा टेबलावर ठेवला.

"बाई, झालं," संघप्रिया म्हणाली. "पन्नासच्या पन्नास धडे माह्याकडे. फळीही परत लावली. भोक तसंच ठेवलं. राजदीप म्हणते, हवा जाले बरं झालं, आता तो सगळ्याईले तसंच सांगून राह्यला."

"आन बाबा?"

"वही मागून राह्यले. एकेचाळिसावं पान त्याईले लिवाचं आहे." ती हसली. "पन पुण्याहून एक शेरा आहे. वाचतो. 'नमुना मंजूर. पार्श्वभूमी उत्तम. फक्त बाराव्या मिनिटाला मागून कोणी बाई "पुरे गं" म्हणतात, तेवढं काढून टाकावं.'"

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई चष्मा पुसत होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "ज्या पोराईसाठी आहे, त्याईची माडिया अक्काच्या तेलुगूची बहीण. ते बराबर ऐकतीन."